टाकीतली लाट

सकाळपासून व्हर्न ट्रास्क स्वयंपाकघरातल्या मोठ्या डावाने टाकीतलं पाणी ढवळत होता. पाच मिनिटं ढवळायचं, दोन मिनिटं दम खायचा. काचेपलीकडची प्रवाळं मान टाकून बसली होती. एरवी झोतात डुलणारी त्यांची मऊ बोटं गळून दगडाला चिकटली होती.

लाटा उठवणारा पंप बंद पडला होता. तोही नेमका त्याची बायको ग्वेंडा इस्पितळात गेली त्याच दिवशी. तिच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया नीट पार पडली होती, पण चालायचा सराव होईपर्यंत आठवडाभर तिला तिथेच ठेवणार होते.

फोन वाजला.

"प्रवाळं कशी आहेत?" तिने आधी तेच विचारलं.

"मजेत." व्हर्नने ओला डाव पाठीमागे धरला, जणू तिला तो दिसणार होता.

"खरं सांग."

"अगं, मजेत म्हटलं ना! गुडघा काय म्हणतोय?"

"कुरकुरतोय. हे बघ व्हर्न, तिथं काही झालंच तर जिवाला लावून घेऊ नकोस. आणि उगाच खर्चात पडू नकोस."

खाटेवर पडल्या पडल्याही हिला काळजी आपलीच!

सहा वर्षांपूर्वी ग्वेंडा शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त झाली. गुडघ्यामुळे तिचं समुद्रातल्या प्रवाळांच्या रीफवर पोहायला जाणं बंद झालं होतं, म्हणून व्हर्नने समुद्रच घरी आणला. चार माणसांनी उचलून आणलेली ती टाकी बघून ती म्हणाली होती, "अगबाई, केवढी ही!" आणि तिचे डोळे भरून आले होते. तेव्हापासून रोज पाणी तपासणं, खारेपणा मोजणं, काच घासणं सगळं तीच करायची. व्हर्न त्यात हात घालत नसे.

दुपारी तो रोझाल्बाच्या दुकानात गेला. टाऊन्सव्हिलमध्ये प्रवाळं पाळणारे सगळे तिच्याकडेच जात. तिने दोन पंप पाण्यात सोडून दाखवले.

"हा नव्वद डॉलरचा. पाणी ढकलतो, पण एकाच जोराने. गुरगुरतो थोडा. वर्ष काढेल, नशीब असेल तर दोन."

"आणि तो?"

"साडेसहाशे. मोटर काचेच्या बाहेर बसते, म्हणून आवाज नाही. जोर कमी-जास्त होतो, खऱ्या समुद्रासारखा. वीज गेली तर बॅटरीवर चालतो."

"साडेसहाशे! एवढ्यात माझी पहिली गाडी आली होती."

"मग त्या गाडीतच ठेवा प्रवाळं," रोझाल्बा म्हणाली. मग तिलाच हसू आलं. "खरं सांगू? स्वस्तातल्यानेही जगतील. फक्त लक्ष ठेवावं लागेल."

व्हर्न चहाची एक पुडी दोनदा वापरणारा माणूस. त्याने नव्वदवाला घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पंप काचेवरून घसरून तळाशी पडलेला सापडला. त्याच्या झोताने वाळू उडून सगळ्या प्रवाळांवर बसली होती. व्हर्नने तो झटकन बंद केला आणि रंगवायच्या मऊ कुंचल्याने एकेका प्रवाळावरची वाळू झाडत बसला. दोन तास. ग्वेंडाला काय तोंड दाखवायचं?

तेवढ्यात मुलीचा, किरिलीचा, पर्थहून फोन आला.

"आईचा गुडघा बरा झाला की येताय ना दोघं? टिली अडीच वर्षांची झाली, बाबा. आजोबा म्हणजे फोनमध्ये राहणारा माणूस असं वाटतं तिला."

"यावंसं तर खूप वाटतं गं. पण टाकी कुणावर सोडणार? तुझ्या आईचा जीव आहे त्यात."

"आई असं कधी म्हणाली नाही."

"ती नाही म्हणायची. पण मला कळतं ना."

फोन ठेवला आणि तो तडक दुकानात गेला. घरात पाऊल टाकल्याबरोबर ग्वेंडाला मेलेली प्रवाळं दिसावीत, हे त्याला सहन होणार नव्हतं.

"तो भारीतला द्या," तो म्हणाला.

रोझाल्बाने भुवया उंचावल्या. "अरे वा! लॉटरी लागली की काय?"

"बायको लागलीय. बेचाळीस वर्षांपूर्वी."

रोझाल्बा स्वतः घरी आली आणि पंप बसवून गेली. आवाज काहीच नव्हता. पाणी नुसतं श्वास घेतल्यासारखं पुढे-मागे होऊ लागलं. तिसऱ्या दिवशी प्रवाळांनी बोटं उघडली. पाचव्या दिवशी जांभळ्या फांद्यांना टोकाशी नवी कोवळी वाढ दिसली. व्हर्नने खुर्ची ओढली आणि पहिल्यांदाच पोटभर बघत बसला.

शनिवारी ग्वेंडा कुबड्या टेकत घरी आली. आली ती थेट टाकीपाशीच. निळा उजेड तिच्या चेहऱ्यावर हलत होता, आणि गालावरून पाणी ओघळत होतं.

व्हर्नला राहवलं नाही. त्याने सगळं सांगून टाकलं. डाव, वाळू, कुंचला, साडेसहाशे डॉलर.

"तुला खोटं बोललो, माफ कर. पण आता चिंता नाही. पाच वर्षांची हमी आहे. पाच वर्षं यांना काही होत नाही बघ!"

ग्वेंडा हळूच खुर्चीत टेकली. तिने त्याचा हात हातात घेतला.

"पंप बंद पडला नव्हता, व्हर्न," ती म्हणाली. "मी पाडला होता. टाकी नसती, तर टिलीकडे जायला आपल्याला काही अडलं नसतं."