टिळेकर सरांचं पदक

यशोधन टिळेकरनं अस्थींचा कलश काउंटरवर ठेवला. अस्थी नदीत सोडायची चाल आता उरली नव्हती. लोक अस्थी या भट्टीवर आणत. तिथे अणूंची केंद्रकंसुद्धा वितळून त्यांच्याही आतल्या क्वार्कांचा नुसता रस होईपर्यंत त्या तापवल्या जात, आणि मग तो रस निववून हव्या त्या धातूचं पदक मिळे.

"बाबांचं सोनंच करा, मॅडम. शेवटी या भट्टीमागचा सिद्धांत त्यांचाच."

भट्टीप्रमुख वृंदा सबनीस नुसती हसली. एकदा रस झाला की पदार्थ आधी काय होता याची खूण कशातच उरत नाही, हे गणित तिनं मांडलं होतं. टिळेकर सरांनी ते स्वतःच्या नावावर छापलं आणि वर तिलाच चोर ठरवून विद्यापीठातून हाकललं.

ती कलश घेऊन आत गेली. अस्थी तिनं मोरीत ओतल्या आणि वरून नळ सोडला. भट्टीत तिनं कॅन्टीनमधला चहाचा चोथा घातला.

संध्याकाळी यशोधननं ते झळझळीत पदक हातात घेतलं आणि तो जरा घुटमळला.

"मॅडम, हे बाबाच आहेत ना? ओळखायची काही सोय?"

"तशी सोय असती तर सरांचा सिद्धांतच खोटा ठरला असता. ठरवायचाय का खोटा?"

"छे, छे!" म्हणत त्यानं पदक कपाळाला लावलं. त्याचे डोळे भरून आले.

"बसा थोडा वेळ," वृंदा म्हणाली. "चहा मागवते."