विटांवरची गाडी

शालिग्राम मिस्त्रीच्या लेखी सारं पारोळं अडाणी होतं. चुडामण पाटलांनी लष्कराच्या लिलावातली गंजकी पिकअप त्याच्या दारात आणून टाकली, तेव्हा तो पचकन थुंकला. "भंगार आहे पाटील. पण शालिग्राम चालवून दाखवेल."

चाकं काढून त्यानं ती विटांवर चढवली. इंजिन उतरवून फळीवर मांडलं.

तिसऱ्या दिवशी म्हातारे तोताराम आबा तणतणत आले. "काल धुळ्याना रस्तावर हात कया. तू हाई गाडी थांबाडी का नही?"

"आबा, डोळे तपासून घ्या," इंजिनाकडे बोट दाखवत शालिग्राम हसला.

चौथ्या दिवशी बांगड्या विकणारी शेवंताबाईही तेच म्हणाली. तो मान न वळवता पाना फिरवत राहिला. मूर्खांच्या गावात एकाला दिसलं की दुसऱ्याला दिसतंच.

त्याच दुपारी, पोरीला घेऊन माहेरी गेलेली त्याची बायको मंदा धुळ्याहून परतली. बोचकं आदळत ती कडाडली, "माले नाक्यावरच का उतारं? धुळ्यापासून बठ्ठी वाट एक शबद बोलनात नही!"

शालिग्रामच्या हातातला पाना तसाच राहिला. गाडी विटांवर होती.

मंदानं अंगणभर नजर फिरवली.

"आनि आपली सुशी कोठे शे? ती ते गाडीमा तुमनाजोडेच बठेल व्हती."