खोटा भोंगा

तेलविहिरीवर धोक्याची सूचना देणारी नवी यंत्रणा बसवली होती. ती उठसूट ओरडायची म्हणून सगळे तिला ‘आत्याबाई’ म्हणायचे. भर दुपारी पुन्हा भोंगा वाजला आणि पडद्यावर लाल अक्षरं उमटली: ‘विहिरीत गॅस शिरतोय.’

“लक्ष देऊ नकोस, खोदकाम चालू ठेव,” सुपरवायझर खोदयंत्र चालवणाऱ्या ड्रिलरवर वैतागले. “सकाळपासून दोनदा उगाच थांबलोय.”

ड्रिलरने केबिनच्या काचेतून खाली पाहिलं. पाइपांपाशी त्याची माणसं राबत होती, त्यांत त्याचा सख्खा धाकटा भाऊही होता.

“साहेब, हवं तर मला घरी बसवा,” असं म्हणत त्याने विहिरीचं तोंड बंद करायचं बटण दाबलं.

सुपरवायझर भडकणार, तेवढ्यात मुख्य ऑफिसातून ड्रिलरला फोन आला.

“शाब्बास! घाबरू नका, तो भोंगा आम्हीच वाजवला. तुमची चाचणी घ्यायला खरी यंत्रणा जरा बंद ठेवली होती. आता विहीर उघडा.”

ड्रिलरची नजर विहिरीतला दाब दाखवणाऱ्या काट्यावरून हलेना.



“उघडू कशी, साहेब? बंद केल्यापासून काटा चढतोच आहे... आत खरंच गॅस आहे!”