मागची फळी

थोरलीनं वाऱ्याची दिशा बघायला उभारलेल्या काठीवरची चिंधी धाकटीनं सोडून सासूच्या मांडीवर टाकली आणि काठीला कपड्यांची दोरी करकचून बांधली.

"आई, नुसती चिंधी मिरवणाऱ्या काठीला आज काहीतरी काम लागलं म्हणायचं!"

बोलणं सासूशी होतं, पण ऐकवायचं होतं थोरलीला. दोघी जावांचा आपसांतला शब्द बंद होता. सगळा व्यवहार सासूमार्फत चाले. लेकी बोले सुने लागे ही म्हण या घरानं आपल्या सोयीनं वाकवून घेतली होती. सासूचे गुडघे गेलेले, दम्यानं आवाज बसलेला. दिवसभर ती गच्चीवर, जिन्याच्या छपराखाली खुर्चीत असे. पोस्टाची पेटी म्हणून याहून बरी कुठं मिळायची? टाकावं ते मुकाट पोटात घ्यायची.

थोरलीनं चिंधी उचलली, घडी घालून कमरेला खोचली आणि भिंतीवरच्या हवेच्या दाबमापकाच्या काचेवर नखानं टकटक केलं. काटा हलला, पण खालीच. सकाळची रिपरिप थांबली होती. ढग विरळ झाले होते, मधूनच ऊन डोकावत होतं, हवा मात्र कोंडलेली आणि चिकट. वारा अजून सकाळच्याच बाजूचा. शेजारीपाजारी लग्नकार्याच्या गप्पा मारतात तशी थोरली ढगांच्या मारायची. ढगांची मास्तरीण हे नाव तिला उगाच पडलं नव्हतं. पाऊस खरंच सरला की वारा बाजू बदलतो आणि काटा उडी मारून वर जातो, हे तिनं स्वतः बघून बघून पक्कं केलं होतं. आज दोन्ही झालं नव्हतं. ढगांची पुढची फळी गेली होती, मागची यायची होती. पश्चिमेला गच्चीच्या कठड्याला लागून एक काळी कड दिसू लागली होती. पट्टीनं आखल्यासारखी सरळ.

धाकटीला आभाळाकडे बघायला सवड नव्हती. लॉजमधून धुवायला आलेल्या चादरींचा ढीग पडला होता. मागच्या खेपेला दमट वास आला म्हणून मॅनेजर तोंडावर बोलून गेला होता: पुन्हा असं झालं तर काम दुसरीकडे. संध्याकाळी तो न्यायला येणार होता. घरातली चूल त्या चादरींवरच पेटायची, आणि चूल एकच होती. थोरलीही त्याच चुलीवरचं जेवायची.

धाकटीनं पिळायचं मशीन सुरू केलं. जुनं मशीन; सुरू झालं की गच्ची थरथरायची, शेजारच्या माणसाचं बोलणंही ऐकू यायचं नाही.

मशीन सुरू होईपर्यंत थोरली मुद्दाम थांबली होती. मग ती सासूच्या कानाशी वाकली.

"आई, कपडे काढायला सांगा हं. घटकाभरात मोठी सर येतेय. वाराही येईल, दोरी टिकायची नाही."

एवढं सांगून ती कठड्यापाशी जाऊन उभी राहिली. पाठ करून.

सासूनं काळी कड पाहिली. तोंड उघडून हाक मारली; ती मशीननं गिळली. मग तिनं आपली टेकायची काठी आपटली.

"आले, आले!" धाकटी धावत आली आणि पाण्याचा पेला सासूच्या हातात देऊन तशीच धावत गेली. सासूनं पेला ठेवला, पुन्हा काठी आपटली, हातानं आभाळ दाखवलं.

"हो हो, ऊन पडलंय खरं!" धाकटी मशीनवरून ओरडली. "तुमच्या तोंडात साखर पडो!"

शेवटची चादर दोरीवर गेली तेव्हा वारा साफ पडला. चादरी सरळ लोंबू लागल्या. थोरलीनं कमरेची चिंधी काढून कठड्याबाहेर धरली. ती हलेना. मग हलली, आणि दुसऱ्याच बाजूला ताठ उभी राहिली.

पहिल्याच झोतात दोरी काठीसकट उपटली गेली. चादरी खालच्या गल्लीत, गटारावर, कोणाच्या तरी मोटारीवर. पाठोपाठ सर कोसळली. धाकटी अनवाणी जिना उतरली, गल्लीभर पळाली. वर आली ती चिखलाचे दोन बोळे छातीशी धरून. तोवर पाऊस संपलाही होता. आभाळ धुतल्यासारखं निळं, वारा गार आणि कोरडा.

थोरली भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "मी वेळेवर सांगितलं होतं. आईंना विचारावं."

तिचा हिशेब चोख होता. जन्मात ती कधी खोटं बोलली नव्हती.

धाकटीच्या केसांतून पाणी गळत होतं. तिनं सासूकडे पाहिलं. पोस्टाच्या पेटीनं थोरलीकडे पाहिलं. मग बसक्या आवाजात, पण अगदी स्पष्ट शब्दांत ती म्हणाली,

"मला? मला तर ही म्हणाली, आज लख्ख ऊन आहे. खुशाल वाळत घालू दे तिला."

"आई!" थोरली म्हणाली.

धाकटीनं चिखलाचे बोळे खाली टाकले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती थेट थोरलीसमोर येऊन उभी राहिली.

"जाऊबाई," ती म्हणाली, "तुमचा काटा बिघडलाय."

थोरलीनं वळून भिंतीकडे पाहिलं. काचेमागं काटा वर चढत होता. अगदी बरोबर चढत होता.