तेरावी बाटली

पाणी तपासणारी ताई खुर्चीवरून उडालीच. "डॉक्टर, सापडलं! ज्या बारा घरांच्या नळाच्या पाण्यात धातूचा अंश जास्त, त्याच बारा घरांत फुप्फुसाचे रोगी!"

"शाब्बास, ताई! आलोच मी," डॉक्टर फोनवर म्हणाले.

तिने त्या बारा घरांच्या पाण्याच्या बाटल्या ओळीने मांडल्या. बघते तर काय, घट्ट बुचांखाली बाराही काचांवर आतून वाफ धरत होती, विरत होती, पुन्हा धरत होती. आत कुणी श्वास घ्यावा तशी.

भीती कुठली! तिला आभाळ ठेंगणं झालं होतं. ती बाटल्यांचे श्वास मोजतच सुटली.

तेरावी बाटली तिच्याच घरच्या नळाची. चांगलं पाणी म्हणून तुलनेला आणलेली, न तपासताच. तीही धूसर होत होती, अगदी तिच्या श्वासाबरोबर.

तिने श्वास रोखून धरला. बाटली थांबली.

मग बाटलीनेच आधी श्वास घेतला, आणि पाठोपाठ तिच्या छातीने.