सनसेट पॉइंटची वरात

दहा पावलं चालून घोडा पुन्हा थांबला. सूर्य टेकायला आला होता आणि सनसेट पॉइंट अजून लांब होता. केळुसकर मास्तर खोगिरावरूनच घोडेवाल्यावर खेकसले.

“लग्नसराईत वरातीला असतो साहेब,” घोडेवाला म्हणाला. “पुढ्यात कुणी नाचल्याशिवाय पाऊल उचलत नाही.”

मास्तरांनी बायकोकडे बघायचं टाळलं. वरात म्हणजे उधळपट्टी, असं सांगून तेहतीस वर्षांपूर्वी त्यांनीच ती रद्द केली होती.

मास्तरीणबाईंनी पदर खोचला. तांबड्या धुळीत त्या अशा काही नाचल्या की घोडा डुलत डुलत कड्यापर्यंत आला. सूर्य केव्हाच बुडाला होता.

मास्तर उतरू लागले. “थांबा,” टपरीवरचं गरम कणीस त्यांच्यावरून ओवाळत बाई म्हणाल्या, “माझा भाऊ इथं नाही. वाका जरा, कानही मीच पिळते.”