शिरीषरावांचे नवे गुडघे

फाटक वाजलं तशा ज्योत्स्नाबाई भिंत धरत बाहेर आल्या. त्यांचे यजमान उतारावरून तरातरा निघाले होते. इंजेक्शनने सोडलेल्या पेशींनी शिरीषरावांच्या गुडघ्यांतली झिजलेली कूर्चा पुन्हा वाढवली होती. विस्मरणावर मात्र अजून औषध निघालं नव्हतं. गुडघे दुखत होते तोवर माणूस निदान खुर्चीत तरी बसून होता. इंजेक्शनांचा हट्ट ज्योत्स्नाबाईंचाच. त्यांच्या स्वतःच्या अंगाला त्या पेशी मानवल्या नव्हत्या.

"अहो, थांबा ना," फाटकाला धरून त्या कळवळून म्हणाल्या.

शिरीषराव थांबले, वळले. त्यांच्या चेहऱ्यावर माया दाटून आली.

"आजी, घरी जा. गुडघ्यांवर आता औषध निघालंय. घरात कुणाला तरी सांगा."

एवढं बोलून ते झपझप वळणाआड गेले.